मूसा डोंगरावरचा हरिसा

हरिसा म्हटलं की आज बहुतेकांना ट्युनिशियाची लाल मिरचीची चटणी आठवते. तिचा इथे काही संबंध नाही. आर्मेनियन लोकांचा हरिसा म्हणजे गहू आणि मांस. खिरीसाठी आपण घेतो तसे सडलेले गहू, मटण किंवा कोंबडी, पाणी आणि मीठ. मंद आचेवर रात्रभर शिजवायचं, हाडं काढायची आणि गहू कुठला, मांस कुठलं हे कळेनासं होईपर्यंत लाकडी दांड्याने घोटायचं. वरून लोणी, कुणी जिरं, कुणी लाल तिखट. दिसायला नुसता फिकट लगदा.

हा पदार्थ मुळात आर्मेनियनांचाच, असं म्हणता येत नाही. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न सय्यार अल-वर्राकने लिहिलेल्या पाकग्रंथात हरिसा आहे. तुर्की लोकांचा केशकेक जवळपास हाच. काश्मिरात हिवाळ्यातल्या सकाळी हरिसा खातात, आणि रमजानमध्ये हैदराबाद-औरंगाबादेत मिळणारा हलीमही याच घराण्यातला. मग एका विखुरलेल्या समाजाने त्याला आपली खूण का मानलं? त्यासाठी १९१५ सालात जावं लागतं.

त्या वर्षी ऑटोमन सरकारने आर्मेनियनांना घरादारातून हुसकून सिरियाच्या वाळवंटाकडे हाकायला सुरुवात केली. वाटेत लाखो मेले. भूमध्य समुद्राकाठी, अंताक्याजवळ मूसा दाघ नावाचा डोंगर आहे. त्याच्या कुशीत आर्मेनियनांची सहा गावं होती. हुकूम आला तेव्हा तिथले बहुतेक लोक गुरंमेंढरं घेऊन डोंगरावर चढले आणि वेढा घालणाऱ्या सैन्याशी लढले. पावसाने शिधा भिजला, ब्रेडचा चिखल झाला. समुद्राच्या बाजूला त्यांनी मदतीची हाक लिहिलेलं मोठं पांढरं कापड टांगलं. सप्टेंबरात ते एका फ्रेंच युद्धनौकेला दिसलं आणि चार हजारांवर माणसं इजिप्तमधल्या पोर्ट सईदला पोहोचली. हा वेढा पन्नासहून अधिक दिवस चालला होता. फ्रांत्स वेर्फेल या लेखकाने या वेढ्यावरच्या आपल्या १९३३च्या कादंबरीत त्या दिवसांचे चाळीस केले. बायबलमधला आकडा कादंबरीला शोभतो, हे खरं.

वेढ्याच्या त्या दिवसांत सगळ्यांसाठी एकत्र हरिसा शिजला, असं मूसा दाघची माणसं सांगतात. तसं झालं असेल किंवा नसेलही. आठवण मात्र त्याच पदार्थाला चिकटली.

महायुद्धानंतर ही मंडळी गावी परतली. पण १९३९ मध्ये फ्रान्सने आपल्या ताब्यातला, ही गावं असलेला प्रांत तुर्कस्तानला देऊन टाकला आणि बहुतेकांनी पुन्हा बिऱ्हाड उचललं. लेबनॉनच्या बेका खोऱ्यात, अंजारच्या माळावर त्यांनी तंबू ठोकले. सुरुवातीला हिवतापाने आणि थंडीने बरीच माणसं गेली. गाव उभं राहिलं तेव्हा मोहल्ल्यांना त्या सहा गावांची नावं दिली गेली. दर सप्टेंबरात क्रूसाच्या सणाच्या सुमारास तिथे उघड्यावर चुली पेटतात, मोठमोठी पातेली चढतात. ढोल आणि सनईसारखा झुर्ना वाजत असतात, पुरुष आळीपाळीने रात्रभर घोटतात. सकाळी धर्मगुरू आशीर्वाद देतात आणि हरिसा सगळ्यांना फुकट वाटला जातो. विकायचा नाही, हे महत्त्वाचं. तो मृतांच्या नावाने वाटायचा असतो. आर्मेनियात वाघार्शापातजवळ मूसा दाघचं स्मारक आहे, तिथेही सप्टेंबरात असाच हरिसा शिजतो.

एक गाव मात्र हललं नाही. तुर्कस्तानातलं शेवटचं आर्मेनियन गाव म्हणून ओळखलं जाणारं वाकिफली. तिथे ऑगस्टमध्ये मेरीमातेच्या सणाला हरिसा शिजतो, द्राक्षांना आशीर्वाद दिला जातो. २०२३च्या भूकंपात या गावालाही तडाखा बसला.

२०११ मध्ये युनेस्कोने केशकेकची परंपरा तुर्कस्तानच्या नावावर नोंदवली, तेव्हा आर्मेनियात नाराजी उमटली. मला ती नाराजी समजते, पण भांडण चुकीच्या गोष्टीवर आहे असं वाटतं. गहू आणि मांस एकत्र घोटण्याची रीत कुणा एकाच्या मालकीची नाही, आर्मेनियनांचीही नाही. अंजारमधली सप्टेंबरची रात्र मात्र त्यांचीच आहे, आणि तिच्यासाठी त्यांना युनेस्कोच्या शिक्क्याची गरज नाही.