काळा पट्टा आणि वयाचा हिशेब

इ. स. १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात जिगोरो कानो यांनी जुदोचा आखाडा काढला. जागा बारा तातामींची, म्हणजे बारा चटया मावतील एवढीच, शिष्य नऊ, आणि गुरूला स्वतःला बावीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. पुढे जगभर गाजलेली कोदोकान संस्था ती हीच. दुसऱ्याच वर्षी कानोंनी शिरो साइगो आणि त्सुनेजिरो तोमिता या दोघा शिष्यांना पहिले 'दान' दिले. (आपल्या दानधर्माशी याचा संबंध नाही, जपानीत दान म्हणजे पायरी.) साइगो तेव्हा सतरा वर्षांचा होता. वयाची अट कुणाच्या डोक्यातही आली नसावी. गुरूच जिथे पोरगेला, तिथे शिष्याचे वय कोण मोजणार?

त्याआधी जुजुत्सूच्या जुन्या घराण्यांत शिष्याला विद्येची सनद मिळे ती गुंडाळीच्या रूपाने, आणि एका सनदेपासून दुसरीपर्यंत कित्येक वर्षे जात. एवढ्या काळात तरुणाचा उत्साह मावळायचा. म्हणून कानोंनी 'गो' या पटावरच्या खेळातली दानांची पद्धत उचलली आणि पायऱ्या जवळजवळ बांधल्या. पोरांनी भराभर चढावे, हाच त्यातला हेतू. आज याच पायऱ्यांवर वयाचे पहारे बसलेले पाहिले की मला गंमत वाटते.

खालचा पहारा मला मान्य आहे. कोदोकानमध्ये पहिल्या दानासाठी चौदा वर्षे पुरी लागतात. आठ-नऊ वर्षांच्या लेकराच्या कमरेला काळा पट्टा बांधून दिवाणखान्यात फोटो लावणारे आईबाप आपल्याकडेही आहेत. त्या लेकराला पुढे काय मिळवायचे उरते?

वरच्या पायऱ्यांचे प्रकरण निराळे. जुदोत सहाव्यापासून आठव्या दानापर्यंत तांबडा-पांढरा पट्टा आणि नवव्या-दहाव्याला तांबडा. तिथे नुसता डाव मारून पोचता येत नाही, आयुष्यभराची सेवा पाहतात. आपल्या तालमीतही अंग थकलेला पैलवान पुढे वस्ताद म्हणवला जातो, तेव्हा त्याच्या कुस्त्या कोणी मोजत नाही. १९६१ साली सुरू झालेली महाराष्ट्र केसरीची गदा मात्र आखाड्यातच जिंकावी लागते. मान आणि जिंकणे या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवल्या. जपान्यांनी त्या एकाच शिडीवर चढवल्या, आणि घोटाळा तिथून सुरू झाला.

केंदोत, म्हणजे त्यांच्या तलवारविद्येत, आठव्या दानाच्या परीक्षेला वयाची सेहेचाळीस वर्षे पुरी लागतात; शिवाय सातवे दान मिळून दहा वर्षे झालेली हवीत. एवढे थांबूनही शंभरात सुमारे एकच जण पास होतो. ही अट कडक आहे, पण अन्यायाची नाही. वय तिथे दारातले तिकीट आहे. आत गेल्यावर तलवारच बोलते.

अन्याय होतो तो थांबण्याला शेवटच नसतो तेव्हा. केइको फुकुदा यांची हकीकत पाहा. कानोंना जुजुत्सू शिकवणारे हाचिनोसुके फुकुदा हे त्यांचे आजोबा. १९३५ साली बाईंनी कोदोकानच्या स्त्री-विभागात पाऊल टाकले. उंची पाच फुटांहून कमी. १९५३ मध्ये त्यांना पाचवे दान मिळाले, आणि तिथेच गाडी अडली. स्त्रियांना पाचव्याच्या वर दानच नव्हते! परीक्षा द्यायची सोय नाही, वय वाढून उपयोग नाही. बाई अमेरिकेत जाऊन शिकवीत राहिल्या. अखेर चाहत्यांनी पत्रांचा मारा केला, तेव्हा १९७२ मध्ये सहावे दान आले. एका पायरीला एकोणीस वर्षे! बाई तेव्हा साठीला टेकलेल्या. एवढ्याच काळात एखादा पुरुष कुठल्या कुठे गेला असता.

२००६ च्या जानेवारीत कोदोकानने त्यांना नववे दान दिले, तेव्हा त्या ब्याण्णव वर्षांच्या होत्या. त्याच दिवशी तिघा पुरुषांना दहावे मिळाले. तिघेही वयाने त्यांच्याहून बरेच लहान. म्हातारपणी मान द्यायला कोदोकानची ना नव्हती, हे यावरून दिसतेच. नव्वदी उलटल्यावरही बाई सॅन फ्रान्सिस्कोत शिष्यांना शिकवीत होत्या. २०११ मध्ये अमेरिकेतील जुदो संघटनेने त्यांना दहावे दान दिले, तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याण्णव होते. कोदोकानच्या दप्तरी मात्र त्या नवव्यावरच राहिल्या. २०१३ च्या फेब्रुवारीत, शंभरीला काही आठवडे उरले असताना, त्या वारल्या.