तेलाचा तवंग आणि कोळीवाड्याचा हिशेब

मुंबईच्या खाडीत खनिज तेल मोठ्या प्रमाणावर येऊ लागले ते तुर्भे-माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांमुळे. १९५४ साली पुढे एस्सो नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीचा आणि १९५५ साली बर्मा-शेलचा कारखाना तिथे सुरू झाला. पुढे सत्तरच्या दशकात दोन्हींचे राष्ट्रीयीकरण होऊन त्यांची नावे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम अशी झाली. परदेशातून आलेले टँकर घारापुरीजवळच्या जवाहर द्वीपाला लागत. त्याच पाण्याभोवती माहुल, तुर्भे, शिवडी, मोरा, करंजा आणि घारापुरी इथल्या लोकांची मासेमारी कारखान्यांच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली होती.

तेल सांडल्यावर या वस्त्यांचे काय होते हे समजण्यासाठी आधी त्यांच्या कामाची रीत पाहावी लागते. खोल समुद्रात जाणाऱ्या यांत्रिक नौका हा या धंद्याचा ठळक भाग असला, तरी मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरची जुनी आणि खास पद्धत डोलीची आहे. समुद्रतळात खुंट रोवून त्यांना निमुळते, पिशवीसारखे जाळे बांधतात. पाण्याच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, करंदी, मांदेली त्यात शिरतात. मासळीचा पाठलाग करायचा नसून भरती-ओहोटीनेच ती जाळ्यात आणून द्यायची असते. डोल जागची हलत नाही, आणि जो प्रवाह मासळी आणतो तोच तेलही आणतो. नायलॉनच्या जाळ्याला चिकटलेले जड इंधन तेल साध्या पाण्याने निघत नाही. ते जाळे पुन्हा लावले तर नवी मासळीही बरबटते.

मासेमारीची दुसरी रीत खाडीच्या चिखलातली आहे. पाणी ओसरले की बायका टोपली आणि कोयती घेऊन उतरतात, खडकावरची कालवे फोडतात, रेतीतल्या शिवल्या-तिसऱ्या उकरतात, तिवरांच्या मुळांतून चिंबोऱ्या आणि निवट्या धरतात. याला होडी लागत नाही, परवाना लागत नाही आणि पावतीही मिळत नाही. सकाळच्या ओहोटीला जमवलेले दुपारपर्यंत विकायचे आणि त्यातून संध्याकाळचे भागवायचे, अशी ही रोजची कमाई आहे. तेलगळतीच्या इतिहासात सर्वांत कमी नोंद याच कामाची झाली आहे.

तवंगाचा मोठा मारा नेमका याच पट्ट्यावर पडतो. सांडलेल्या तेलाचा हलका भाग उन्हा-वाऱ्यात उडून जातो. उरलेले लाटांनी घुसळून पाण्याशी एकजीव होते आणि त्याचा तपकिरी, चिकट लगदा बनतो. उधाणाच्या दिवसांत भरतीचे पाणी मुंबई बंदरात ओहोटीच्या रेषेहून चार मीटरच्या आसपास चढते. तेवढ्या उंचीपर्यंत हा लगदा वर जातो आणि पाणी उतरताना मागे राहतो. चिखलातून वर डोकावणारी तिवराची श्वासमुळे त्याने बुजतात आणि झाड हळूहळू गुदमरते. कालवे जागा सोडू शकत नाहीत. पाणी गाळून खाताना तेलाचे अंशही शरीरात घेतात आणि त्यांना रॉकेलसारखा वास येतो. खोल पाण्यातला मासा पोहून दूर जाऊ शकतो, पण चिखलातल्या जिवांना ती सोय नाही.

फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या खोदकाम-मंचावरून मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल सापडले आणि या इतिहासाला दुसरे वळण मिळाले. मे १९७६ मध्ये बॉम्बे हाय क्षेत्रातून उत्पादन सुरू झाले. सुरुवातीला तेल टँकरने आणले जाई. नंतर समुद्रतळावरून वाहिन्या टाकून ते उरणला आणले गेले. देशाच्या दृष्टीने ही मोठीच मिळकत होती. उरण तालुक्याच्या किनाऱ्यावर मात्र आधी तेलाचा प्रकल्प आणि मग १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवाचे बंदर असे दोन भार एका पिढीच्या आत आले.

१७ मे १९९३ रोजी बॉम्बे हायहून उरणकडे येणारी मुख्य वाहिनी फुटली आणि काही हजार टन कच्चे तेल समुद्रात गेले. मेचा उत्तरार्ध म्हणजे वारे किनाऱ्याकडे वाहू लागण्याचा काळ. कोळीवाड्यांत पावसाळ्याची बेगमी म्हणून मासळी सुकवण्याची तेव्हा घाई असते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मुरूडच्या किनारपट्टीवर या गळतीचा सजीवांवरील परिणाम तपासला. पाणी, गाळ, प्लवक आणि तळातले जीव यांची अशी पाहणी पुढच्या काळासाठी मोलाची ठरते. सुकवणाऱ्या बायकांचे त्या हंगामातले उत्पन्न हा मात्र अशा पाहणीचा विषय नसतो. त्याच वर्षी समुद्रातील तेलगळतीसाठी राष्ट्रीय आपत्ती योजना मंजूर झाली आणि तिची जबाबदारी तटरक्षक दलाकडे आली.

मोठ्या अपघातांच्या मधली वर्षे कोरडी गेली असेही नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यात जुहू-वर्सोव्यापासून गोव्यापर्यंत डांबराचे गोळे किनाऱ्याला लागतात. त्यांचा उगम बहुधा सापडत नाही, आणि उगम नाही म्हणून दावाही नाही. उरणच्या पीरवाडी किनाऱ्यावर २०१३ आणि २०२३ साली तेल आले.

७ ऑगस्ट २०१० हा दिवस सर्वांच्या लक्षात राहिला. मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही दोन मालवाहू जहाजे एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडली. तिच्यावर बाराशेंहून अधिक कंटेनर आणि अडीच हजार टनांहून जास्त इंधन तेल होते. त्यातले सुमारे ८०० टन तेल बाहेर पडले, शेकडो कंटेनर पाण्यात गेले आणि काहींत कीटकनाशके होती. बुडालेल्या कंटेनरांच्या भीतीने मुंबई आणि न्हावा-शेवा ही दोन्ही बंदरे काही दिवस ठप्प झाली. तेल शिवडी, वाशी, घारापुरी, उरण आणि अलिबागकडच्या तिवरांत शिरले. तटरक्षक दलाने हेलिकॉप्टरमधून तेल विरघळवणारी रसायने फवारली. त्यामुळे पृष्ठभागावरचा तवंग फुटतो, पण त्याचे थेंब पाण्यात खाली उतरतात. उथळ खाडीत हा उपाय जपूनच वापरावा लागतो.

पावसाळी मासेमारीबंदी उठण्याच्या तोंडावर हे घडले. बंदीच्या काळात नाखवा उसनवारीवर घर चालवतो, जाळी विणतो, होडी रंगवतो आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेऱ्यांवर ते कर्ज फेडतो. त्या वर्षी मासळी न खाण्याच्या सूचना निघाल्या आणि गिऱ्हाईक बाजारातून नाहीसे झाले. तेल न लागलेली, दूरच्या पाण्यातली मासळीही पडून राहिली. तवंग मर्यादित क्षेत्रावर होता, पण त्याची धास्ती भाऊच्या धक्क्यापासून प्रत्येक कोळणीच्या पाटीपर्यंत पोचली.

ही साखळी घाटावरही चढते. बुलढाणा जिल्हा समुद्रापासून तीनशे किलोमीटरहून दूर आहे. तिथली ताजी मासळी नद्यांतून आणि धरणांतून येते, पण आठवडी बाजारातली सुकट आणि सुके बोंबील कोकणपट्टीच्या वलांडींवर आणि खळ्यांत वाळलेले असतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके मुंबई-नागपूर लोहमार्गावर असल्याने किनाऱ्याचा माल वऱ्हाडात येणे सोपे झाले. स्वस्त, टिकाऊ आणि भाकरीबरोबर चालणारे हे कालवण मजुरांच्या घरात मोलाचे आहे. सुकवणीचा हंगाम हुकला की वाळवणारीची मजुरी जाते, आणि तुटवडा पडून भाव चढले तर त्याची झळ वऱ्हाडातल्या गिऱ्हाइकालाही लागू शकते.

भरपाईचा इतिहास याहून तोकडा आहे. ४ ऑगस्ट २०११ रोजी 'राक कॅरिअर' हे जहाज साठ हजार टनांहून अधिक कोळशासह मुंबईजवळ बुडाले आणि त्याचे इंधन गळत राहिले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१६ मध्ये जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी आणि कोळशाशी संबंधित कंपनीला ५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. ती रक्कम पर्यावरणाच्या हानीपोटी होती. मच्छीमारांच्या रोजीरोटीचा विचार न्यायाधिकरणाने वेगळ्या प्रकरणात केला होता. २७ फेब्रुवारी २०१५ च्या आदेशात न्हावा-शेवा बंदराच्या विस्ताराने खाडी गमावलेल्या उरण परिसरातल्या १,६३० कुटुंबांसाठी ९५.१९ कोटी रुपये ठरवले गेले. हा दावा तेलगळतीचा नव्हता, तरी खाडीवरचा परंपरागत हक्क बुडाला तर त्याची रुपयांत भरपाई मागता येते हे त्यातून मान्य झाले.

दाव्यासाठी पुरावा लागतो आणि खरी अडचण इथे आहे. नौकेची नोंदणी असते, डिझेलच्या पावत्या असतात, मच्छीमार सोसायटीकडे मासळीची आवक लिहिलेली असते. कालवे फोडणारी, सुकट वाळवणारी किंवा धक्क्यावर मासळी निवडणारी बाई यांतल्या कुठल्याच वहीत नसते. नुकसान मात्र तिचे पहिल्या दिवसापासून सुरू होते. मे २०२५ मध्ये 'एमएससी एल्सा-३' हे जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ बुडाले, तेव्हा त्या राज्याने बाधित जिल्ह्यांत कुटुंबामागे एक हजार रुपये आणि सहा किलो तांदूळ असा तातडीचा दिलासा जाहीर केला. रक्कम लहान होती, पण लाभार्थ्यांत मच्छीमारांबरोबर अनुषंगिक काम करणारेही धरले होते.