एसटी, ट्रॅव्हल्स आणि १९३९ चा कायदा

दिवाळीत पुण्याहून नागपूरला जायचं असलं की आपण तीन गोष्टी बघतो: रेल्वेचं वेटिंग, एसटीची वेळ आणि ट्रॅव्हल्सचा भाव. मी मुळात सायन्सची, त्यामुळे तिन्हींचे दर एका तक्त्यात मांडून स्पर्धा मोजायला बसले होते. मग १९३९ चा मोटार वाहन कायदा वाचला आणि तक्ता बाजूला ठेवला.

झालं असं, की १९३० च्या दशकात, ऐन मंदीत, मोटारी रेल्वेचे प्रवासी ओढू लागल्या. १९३३ च्या मिचेल-कर्कनेस अहवालाचा विषयच ही रस्ता-रेल्वे स्पर्धा होता. पुढे १९३९ च्या कायद्याने परवान्यांची चौकट बसवली. त्यात ‘स्टेज कॅरेज’ म्हणजे प्रत्येक प्रवाशाकडून वेगळं भाडं घेणारी, टप्पे करत जाणारी गाडी. तर ‘कॉन्ट्रॅक्ट कॅरेज’ म्हणजे अख्खी ठरवून नेलेली, वाटेत प्रवासी न घेणारी गाडी.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. हळूहळू राज्यातली टप्पा वाहतूक मुख्यतः एसटीकडे आली. यामागचा हिशेब साधा होता: भरलेल्या मार्गांच्या कमाईवर आडगावची रिकामी गाडीही चालवायची.

१९८८ च्या कायद्याने परवाने सैल केले, पण सरकारी महामंडळांसाठी मार्ग राखून ठेवण्याची तरतूद कायम राहिली. मग खासगी बस आल्या त्या कॉन्ट्रॅक्टच्या परवान्यावर. कागदावर अख्खी गाडी ठरवलेली, प्रत्यक्षात मात्र सीट-सीट विकलेली! त्या साहजिकच भरणाऱ्या मार्गांवर धावतात. पाड्यावरची दुपारची फेरी एसटीच्याच गळ्यात. सणासुदीच्या दरांवरून ओरड झाली तेव्हा, २०१८ मध्ये, राज्य सरकारने खासगी बससाठी एसटीच्या दीडपट भाड्याची मर्यादा घातली. म्हणजे तुलनेचा आधारही पुन्हा एसटीच.

आता संशोधनाच्या दृष्टीने बघा. फक्त ‘स्टेज कॅरेज’चे आकडे घेतले, तर लांब पल्ल्यावर स्पर्धा जवळपास दिसणारच नाही. एसटीचा सगळा तोटा ‘अकार्यक्षमता’ म्हणून मोजला, तर त्या दुपारच्या फेरीचा खर्चही त्यातच जाईल. आणि अशा निष्कर्षावर उद्या कुणी ती फेरी बंद केली, तर कॉलेजला जाणारी मुलगी घरी बसेल.

म्हणून डेटा हातात आला की आधी विचारा: या रकान्याला हे नाव कुणी, कधी आणि कशासाठी दिलं?