लाय डिटेक्टर चाचणी: यंत्र नक्की काय पकडते?

एखादा मोठा गुन्हा घडला की टीव्हीवर बातमी झळकते, "आरोपीची पॉलिग्राफ टेस्ट होणार." घरात बसलेली मंडळी लगेच म्हणतात, चला, आता खरंखोटं बाहेर येईल. पण या मशीनवर एवढा भरवसा ठेवावा का? ते काय मोजते आणि कायदा त्याला किती किंमत देतो, हे आपण समजून घेऊ.

यंत्र कसे चालते?

१९२१ साली अमेरिकेतील बर्कले शहराच्या पोलिस खात्यात काम करणाऱ्या जॉन लार्सन यांनी हे यंत्र तयार केले. माणसाच्या छातीला व पोटाला श्वास मोजणाऱ्या नळ्या बांधतात, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि बोटांना घाम मोजणाऱ्या पट्ट्या लावतात. मग काही प्रश्न गुन्ह्याबद्दल विचारतात, काही इतर. गुन्ह्याच्या प्रश्नांवर श्वास, नाडी आणि घाम जास्त बदलला, तर तपासणारा तज्ज्ञ "खोटे बोलतोय" असा निष्कर्ष काढतो.

गफलत इथेच आहे. फक्त खोटे बोलतानाच उमटते अशी कोणतीही खूण शरीरात नसते. काळजाची धडधड भीतीने वाढते, रागाने वाढते, शरमेनेही वाढते. वर्गात कुणाचे पैसे हरवले आणि सगळ्यांना उभे केले, तर ज्याने काहीच घेतले नाही असे एखादे भित्रे पोर घामाघूम होते आणि सराईत पोर शांत उभे असते. आम्हा शिक्षकांना हे नवीन नाही. पोलिस कोठडीत बसलेल्या माणसाचे काय होत असेल, याचा विचार करा.

चुका दोन्ही बाजूंनी

अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेतील ऑल्ड्रिच एम्स हा रशियाला माहिती विकत होता. १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळा तो ही चाचणी पास झाला. १९९४ साली पकडला गेला, तोवर त्याने पुरवलेल्या माहितीमुळे अनेकांचे जीव गेले होते. गॅरी रिजवे हा खुनी १९८४ मध्ये पास झाला आणि पुढे २००१ साली डीएनए तपासणीमुळे सापडला.

दुसरी बाजू बेगुनाह माणसांची. २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने एक हिशेब मांडला. समजा १०,००० कर्मचाऱ्यांत १० हेर आहेत. त्यांतले ८ सापडावेत इतकी चाचणी कडक ठेवली, तर त्यांच्यासोबत सुमारे १,६०० निर्दोष माणसेही "खोटी" ठरतील. निव्वळ अंदाजापेक्षा यंत्र बरे, पण अचूकतेपासून बरेच दूर, असे परिषदेचे मत होते. तिथे तर १९८८ च्या कायद्याने बहुतेक खासगी मालकांना नोकरीसाठी ही चाचणी घेण्यास मनाई केलेली आहे.

आपल्या देशातला कायदा

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात स्पष्ट निकाल दिला. पॉलिग्राफ, नार्को आणि ब्रेन मॅपिंग यांपैकी कोणतीही चाचणी जबरदस्तीने करता येत नाही. स्वतःविरुद्ध बोलायला कुणाला भाग पाडू नये, हा घटनेच्या कलम २०(३) चा हक्क आहे. हे लक्षात ठेवा:

• संमती द्यायची की नाही, हे त्या माणसानेच ठरवायचे. नकार म्हणजे कबुली नव्हे.
• संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवली जाते. त्याआधी वकिलाला भेटण्याचा हक्क आहे.
• चाचणीचे शारीरिक, मानसिक आणि कायदेशीर परिणाम आधी समजावून सांगावे लागतात.
• संमतीने चाचणी झाली तरी तिचा निकाल हा स्वतंत्र पुरावा ठरत नाही. मात्र तिच्या मदतीने पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली, तर ती कोर्टात मांडता येते. म्हणून "टेस्टने काय होतंय" असे म्हणून घाईने होकार देऊ नये.

घरातल्या कुणावर अशी वेळ आलीच, तर सही करण्याआधी वकील गाठा. वकील करण्याची ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा. आणि शेजारच्या पोराचे नाव टीव्हीवर "टेस्टमध्ये नापास" म्हणून आले, तर त्याला लगेच गुन्हेगार ठरवू नका. यंत्राने त्याची धडधड मोजली आहे. दोषी कोण, हे पुरावे तपासून न्यायाधीश ठरवतील.