गोदाखोऱ्यातील जीवाश्म आणि त्यांच्या जतनाची द्रव्ये : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर आज पाणपक्ष्यांमुळे परिचित आहे. ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. पुराजीवशास्त्रात मात्र हे नाव त्याहून जुने आहे. येथील गोदावरीच्या गाळात सापडलेल्या हत्तीच्या कवटीवरील लेख भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे गाय पिलग्रिम यांनी 1905 साली प्रसिद्ध केला. ही जाती आज पॅलिओलोक्झोडॉन नामाडिकस या नावाने ओळखली जाते.

हत्तीची कवटी बाहेरून भक्कम दिसत असली तरी आतून हवेच्या पोकळ्यांनी भरलेली असते. ओल्या गाळातून बाहेर आलेले असे हाड वाळताना तडकते. त्या काळी यावर सरस, डिंक आणि लाख हे उपाय प्रचलित होते. लाख तर भारतातूनच युरोपात जात असे! ती स्पिरिटमध्ये सहज विरघळते. परंतु वर्षे लोटली की काळवंडते, ठिसूळ होते आणि स्पिरिटलाही दाद देत नाही. पुढे आलेला सेल्युलोज नायट्रेटही कालांतराने पिवळा पडून चिरफाळतो.

विसाव्या शतकात कृत्रिम राळी आल्या, पण त्यांची निवड प्रायः थंड देशांच्या अनुभवावर झाली. पॉलिव्हिनिल अॅसिटेट सुमारे 30 अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागते. आपल्याकडील उन्हाळ्यात त्यावर धूळ चिकटते. पॅरालॉइड बी-72 ची ही मर्यादा सुमारे 40 अंश आहे, म्हणजे नाशिकच्या वैशाखात तीही अपुरी पडू शकते. पॉलिव्हिनिल ब्युटिरल 60 अंशांपर्यंत टिकते, म्हणून वातानुकूलन नसलेल्या महाविद्यालयीन संग्रहास ते अधिक योग्य वाटते. अॅसिटोन उन्हात झपाट्याने उडून जाते व राळ आत मुरण्याऐवजी पृष्ठभागावर चकाकत राहते. हे काम सकाळच्या गारव्यात, नमुना झाकून करणेच इष्ट. इपॉक्सी जोड मजबूत असतो खरा, पण चुकला तर सोडवता येत नाही.

मुख्य प्रश्न कालनिर्णयाचा आहे. लाखेतील कार्बन अलीकडचा असतो, त्यामुळे किरणोत्सारी कार्बन पद्धतीत हाडाचे वय कमी दिसते. खनिज तेलापासून बनलेल्या राळेमुळे ते वाढलेले दिसते. दोष काढता येतो, परंतु कोणते द्रव्य वापरले हे ठाऊक असेल तरच. डेक्कन कॉलेजचे जी. एल. बदाम यांच्या 1979 मधील ग्रंथानंतर भारतीय प्लाइस्टोसीन प्राण्यांच्या अभ्यासाला भक्कम आधार लाभला; त्या तोडीची दक्षता नमुन्यांच्या नोंदवहीत क्वचितच आढळते. प्रत्येक नमुन्याचा एक तुकडा कोणतेही द्रव्य न लावता वेगळा ठेवावा, आणि उर्वरित भागाच्या चिठ्ठीवर राळेचे नाव, द्रावक, प्रमाण व तारीख लिहावी.