रोशा गवताचीं दोन नांवें

एका नांवाखालीं दोन निराळ्या वस्तू विकल्या जाव्या, हा अनुभव बाजारांत नवा नाहीं. परंतु दोन निराळ्या वस्तू डोळ्यांस जवळजवळ एकच दिसाव्या आणि त्यांतील भेद नाकानें ओळखावा लागावा, असें क्वचितच घडतें. खानदेशच्या रोशा गवताचा इतिहास हा अशाच एका भेदाचा इतिहास आहे.

सातपुड्याच्या व सह्याद्रीच्या उतारांवर हें गवत पावसाळ्यांत पुरुषभर उंच वाढतें. विदर्भाकडे त्यास तिखाडी म्हणतात. पान चुरगळलें कीं गुलाबाची आठवण देणारा सुवास दरवळतो. सांधेदुखीवर व कंबरेच्या दुखण्यावर याचें तेल चोळण्याची रीत जुनी आहे. शास्त्रीय ग्रंथांत मात्र हें गवत शिरलें तें एका सेनानीच्या हातून. टिपू सुलतानाशीं झालेल्या युद्धांत जनरल क्लॉड मार्टिन कंपनीच्या फौजेबरोबर दक्षिणेंतील बालाघाटाच्या पठारावर गेले होते. तेथील गुरें हें गवत अधाशीपणानें खातात आणि मग त्यांच्या दुधामांसासही त्याचा वास येतो, हें त्यांच्या दृष्टीस पडलें. त्यांनीं त्याचें बीं लखनौस धाडलें. पुढें तें कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे गेलें. रॉक्सबर्ग यांनीं गवतास मार्टिन यांचेंच नांव जोडलें. आज शास्त्रज्ञ त्यास सिंबोपोगॉन मार्टिनी म्हणून ओळखतात.

तेल काढण्याची कृति खानदेशच्या १८८० सालच्या गॅझेटियरांत तपशिलानें दिली आहे. पावसाळा सरत आला कीं भिल्ल लोक डोंगरांतून गवत कापून त्याचे भारे आणीत आणि तेल काढणारे मुसलमान कारागीर ते विकत घेत. सरपण व वाहतें पाणी जेथें जवळ असेल, अशा ओढ्याकांठीं भट्टी मांडीत. लोखंडाच्या किंवा तांब्याच्या मोठ्या हंड्यांत चिरलेलें गवत व पाणी भरून वर झांकण घालीत आणि सांध कणकेनें लिंपून टाकीत. झांकणांतून निघालेली बांबूची नळी ओढ्याच्या पाण्यांत गळ्यापर्यंत बुडविलेल्या दुसऱ्या भांड्यांत सोडलेली असे. वाफ तेथें थंड होई आणि पाण्यावर तेलाचा तवंग येई.

हें तेल मुंबईस जाई व तेथून तांबड्या समुद्राच्या बंदरांवरून कॉन्स्टॅन्टिनोपलला पोंचे. तुर्क त्यास इद्रिस यागी म्हणत. गुलाबाच्या महाग अत्तरांत भेसळ करण्यास तें फार सोयीचें होतें. अत्तर गाळण्यापूर्वीं गुलाबाच्या पाकळ्यांवरच तें शिंपडण्याचीही युक्ति होती. युरोपच्या पेठेंत तें तुर्की जिरॅनियम तेल या नांवानें खपे. वस्तुतः तें तुर्कस्तानचेंही नव्हतें आणि जिरॅनियमचेंही नव्हतें. या सुवासाचें मर्म जर्मन रसायनज्ञ ऑस्कर याकोब्सेन यांनीं १८७१ सालीं हिंदुस्थानी तेलांतूनच वेगळें काढलें. पण त्याचेंही नांव त्या चुकीच्या फुलावरून जिरॅनिऑल असें पडलें. गुलाबाच्या अत्तरांतही तेंच द्रव्य असतें. भेसळ पकडणें इतकें कठीण कां होतें, याचें उत्तर त्यांत आहे.

नांवांचा खरा घोटाळा मात्र घरींच होता. डोंगरांतील लोक मोतिया आणि सोनफिया किंवा सोफिया अशीं दोन नांवें वापरीत. मोतियाचें तेल सरस, दुसऱ्याचें उग्र. गॅझेटियरनें हीं नांवें टिपलीं, परंतु अर्थ असा लावला कीं फुलोरा निळसर पांढरा असतां गवत मोतिया आणि पिकून तांबूस झालें म्हणजे सोनफिया. म्हणजे गवत एकच, भेद केवळ वयाचा! हा अर्थ अगदींच निराधार नव्हता. फुलोऱ्याच्या वाढीबरोबर तेलांतील द्रव्यांचें प्रमाण बदलतें, हें पुढील संशोधनानेंही दाखविलें आहे. परंतु एवढ्यानें सगळा भेद उलगडत नाहीं.

क्यू येथील ओटो स्टाफ यांनीं १९०६ सालीं हिंदुस्थान व सिलोन येथील तेलाच्या गवतांची छाननी केली. त्यानंतर कलकत्त्यास काम करणारे बर्किल यांनीं १९०९ च्या सुमारास मोतिया व सोफिया हे दोन स्वतंत्र प्रकार म्हणून मांडले. मोतियास निचऱ्याचा, उन्हाचा उतार मानवतो. सोफिया सखल व दमट जागीं वाढतें. मोतियाच्या तेलांत जिरॅनिऑल शेंकडा ७५ ते ९० पर्यंत भरतें. सोफियाच्या तेलांत तें बरेंच कमी असून लिमोनिन, पेरिलिल अल्कोहोल अशीं द्रव्यें येतात व वास उग्र होतो; व्यापारांत त्यास आल्याच्या नांवानें जिंजरग्रास तेल म्हणतात. पुढें पेशींतील गुणसूत्रें मोजलीं, तेव्हां मोतियांत २० व सोफियांत ४० आढळलीं. एकाच्या वयानें दुसरें होण्याची गोष्टच राहिली नाहीं.

हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नव्हे. मोतियाच्या भाऱ्यांत सोफिया मिसळलें, तर सबंध हंड्याचें तेल उतरतें आणि श्रमाचें मोल बुडतें. आज रोशाची शेतीही होते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पति संस्थेनें तृष्णा यांसारखे सुधारलेले वाण तयार केले आहेत. ज्या गांवीं मार्टिन यांनीं पहिलें बीं धाडलें, तेथेंच आज मोतियाचें बीं निवडलें जातें. पण ही निवड प्रथम केली ती डोंगरांत विळा चालविणाऱ्या हातांनीं. त्यांचे दोन शब्द ग्रंथांत १८८० सालींच उतरले होते. ते दोन वस्तूंचे आहेत, हें ओळखावयास मात्र आणखी जवळजवळ तीस वर्षें लागलीं.