निरोप पुढे कोणी न्यायचा?

आजचा विषय खिशात मावणाऱ्या रेडिओचा असला, तरी प्रश्न जुनाच आहे. निरोप पुढे कोणी न्यायचा? फौजेत असताना एकदा डोंगरावरच्या आमच्या रिले चौकीची बॅटरी उतरली. खालच्या दोन तुकड्यांचा रात्रभर एकमेकींशी संपर्क नव्हता. ती रात्र मी विसरलेलो नाही.

१९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूने अलोहानेट सुरू केले. बेटांवरची केंद्रे एकाच रेडिओ वाहिनीवरून बोलत. दोघे एकदम बोलले की दोन्ही निरोप वाया. त्या पद्धतीत वाहिनीची जास्तीत जास्त १८ टक्के क्षमताच कामी येते, हे गणिताने दाखवले.

पुढे फ्रान्समधल्या सिक्लिओ कंपनीने लोरा तंत्र घडवले. २०१२ मध्ये ती कंपनी सेमटेकने घेतली. लोराला वीज थोडी लागते आणि पल्ला कित्येक किलोमीटरचा मिळतो, पण वेग फार मंद. म्हणून गर्दीचा धोका इथेही आहेच. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो.

२०२० मध्ये केविन हेस्टर यांनी मेशटॅस्टिक सुरू केले. त्यात साधारणपणे प्रत्येक संच निरोप्या असतो. ऐकलेला निरोप शेजाऱ्याने आधी पुढे दिला नसेल, तर आपला संच देतो. उड्या मुळात तीन, फार तर सात. नंतर आलेल्या मेशकोअरमध्ये निरोप पुढे नेण्याचे काम नेमलेल्या रिपीटरांचे. पहिला निरोप सगळीकडे पसरतो, वाट सापडली की पुढचे त्याच वाटेने जातात. गर्दी कमी होते.

मग निवड कशी करावी? सह्याद्रीत वा हिमालयात फिरणाऱ्या दहाजणांच्या तुकडीला मेशटॅस्टिक बरे, कारण माणसे हलतात तसे जाळेही हलते. गावासाठी, तालुक्यासाठी मेशकोअर बरे. मात्र टेकडीवरचा एकमेव रिपीटर पडला की आमच्या चौकीसारखीच गत. तिथे दोन हवेत आणि त्यांच्या बॅटऱ्या कोणी तपासायच्या हेही ठरलेले हवे.

एक लक्षात ठेवा. संच तोच असला तरी या दोन प्रणाली एकमेकींशी बोलत नाहीत. शेजारच्या गावाशी आजच बोलून एक ठरवा. पूर चढल्यावर ठरवायला वेळ नसतो.

जय हिंद.